चिंधीची बखर

इतिहास लिहिणारी मंडळी फार निवडक असतात. तलवार कोणी चालवली ते लिहितात, पण लढाई संपल्यावर ती पुसून म्यानात कोणी ठेवली ते लिहीत नाहीत. किती पंगती उठल्या ते सांगतात, उष्टी कोणी काढली ते सांगत नाहीत. संगीताच्या इतिहासातही हाच प्रकार. कोणी काय वाजवलं, कुठल्या राजानं मान डोलावली, किती मोहरा ओवाळून टाकल्या, सगळं तपशीलवार. पण वाजवून झाल्यावर त्या वाद्यातलं पाणी कोणी काढलं, कशानं काढलं, आणि ती ओली चिंधी कुठे वाळत घातली, याबद्दल अवाक्षर नाही.

मी पडलो बी.कॉम. आमच्या शास्त्रात जमा लिहिली की नावेही लिहावं लागतं. ज्या खात्यात नुसत्या टाळ्याच जमा आहेत आणि देखभालीचा एक पैसासुद्धा कुठे नावे पडलेला नाही, असं खातं कुठलाही तपासनीस मंजूर करणार नाही. तेव्हा हे खातं जुळवून पाहावं, एवढ्याच मर्यादित हेतूनं हा लेखनप्रपंच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. फुंकवाद्यातून जे पाणी ठिबकतं ती थुंकी, असं सर्वसाधारण शहाण्या माणसाचं मत असतं. आमच्या मामींचंही होतं. मामांनी क्लॅरिनेट वाजवून झाल्यावर ती उघडली की त्या पदर नाकाशी नेऊन म्हणायच्या, "झालं का थुंकून?" मामा या आरोपानं दरवेळी घायाळ व्हायचे. आणि शास्त्र मामांच्या बाजूचं आहे. माणसाच्या छातीतून बाहेर पडणारी हवा गरम असते, साधारण चौतीस-पस्तीस अंश, आणि वाफेनं अगदी गच्च भरलेली असते. वाद्याची नळी तिच्यापेक्षा गार. मग माठातलं पाणी पितळी तांब्यात ओतल्यावर तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसा या नळीला आतून फुटतो. थोडी लाळ जाते, नाही असं नाही. पण मुख्य माल म्हणजे आपलाच श्वास, पातळ झालेला. थुंकी हा किरकोळ खर्च.

आता नळी काचेची असती तर हा घाम पुसला काय आणि न पुसला काय. पण ती लाकडाची. क्लॅरिनेट किंवा ओबो ज्या काळ्याभोर लाकडाचा करतात ते झाड आफ्रिकेतलं, मुख्यतः टांझानिया आणि मोझांबिकमधलं. वनस्पतिशास्त्रात ते आपल्या शिसवीचं सख्खं भावंड. आडनाव एकच, डालबर्जिया. इतकं जड की पाण्यात टाकलं तर तरंगत नाही, सरळ तळाला जातं. असं लाकूड पाण्याला काय दाद देणार, असं आपल्याला वाटतं. पण लाकूड ते लाकूड. आतली बाजू ऊबदार श्वासानं ओली होते, फुगू पाहते. बाहेरची बाजू कोरडी नि गार. ती म्हणते, मी इंचभरही सरकणार नाही. एकत्र कुटुंबात जे होतं तेच मग होतं. एके दिवशी कट्‌ आवाज होतो आणि उभी चीर जाते. ती बहुधा वरच्या तुकड्यालाच जाते, कारण श्वास आधी तिथे पोचतो, आणि तीही दोन शेजारशेजारच्या भोकांच्या वाटेनं, कारण तिथे लाकूड मुळातच कमी. नवीन वाद्याला हा धोका जास्त. म्हणून नवी क्लॅरिनेट पहिले काही आठवडे दिवसातून थोडा थोडाच वेळ वाजवायची, असा दंडक आहे. नव्या जावयासारखं, एकदम सगळं वाढायचं नाही.

चीर दुरुस्त होते. कारागीर आडव्या बारीक खिळ्या घालून, वर चिकटवण भरून ती शिवतो. पण शिवलेलं वाद्य म्हणजे कोर्टातून परत आलेला भाऊ. बोलतो नीट, तरी आपण जरा जपूनच असतो.

हे सगळं मला सांगितलं ते मामांनी. मामा सरकारी कचेरीत होते. १९७१ साली त्यांनी एका बँडवाल्याकडून साडेतीनशे रुपयांना ही क्लॅरिनेट घेतली. त्या काळी साडेतीनशे रुपये म्हणजे सव्वा पगार. मामींनी तो आकडा पुढे चाळीस वर्षं तोंडपाठ ठेवला होता. बँडवाल्यानं विकली कारण वरातीत वाजवून वाजवून तिच्या आतून आंबूस वास यायला लागला होता. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन वराती. एक संपली की वाद्य तसंच ओलं पेटीत कोंबायचं आणि टेम्पोत बसायचं. त्या गरीब माणसाला दोष कसा द्यायचा? तो वाद्य पुसत बसला असता तर दुसऱ्या नवरदेवाचा घोडा पुढे निघून गेला असता. मामांनी ती घरी आणली, गाद्या बदलून घेतल्या, आणि तेव्हापासून पन्नासहून अधिक वर्षं ती ओली पेटीत गेलेली नाही. हिशेबाच्या पुस्तकात घसारा काढायच्या दोन पद्धती असतात, एक स्थिर हप्त्याची आणि एक घटत्या शिलकेची. मामांच्या क्लॅरिनेटला दोन्ही लागू पडत नाहीत. ती वर्षागणिक चढतच गेली आहे, आणि हे मी कुठल्या रकान्यात दाखवावं ते मला अजून उमगलेलं नाही.

तर चिंधी. तिचा पहिला सज्जड पुरावा मला सापडला तो जर्मनीत.

योहान योआखिम क्वांट्झ नावाचे एक बासरीवाले होऊन गेले, जन्म १६९७, मृत्यू १७७३. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक, ज्याला पुढे थोर म्हणू लागले, त्याचे ते गुरुजी. फ्रेडरिक युवराज होता तेव्हापासून त्याला बासरीचं वेड, आणि त्याच्या तीर्थरूपांना बासरीचा मनस्वी तिटकारा. तीर्थरूपांची आवड म्हणजे उंच शिपाई. एक आख्यायिका सांगतात. युवराजांची शिकवणी ऐन रंगात आली असताना महाराज येत असल्याची वर्दी आली. क्वांट्झ गुरुजींना बासऱ्या आणि स्वरलिपीच्या कागदांसकट एका लहानशा कोठडीत कोंबण्यात आलं. बाहेर महाराज युवराजांचे जरीचे अंगरखे शोधून चुलीत घालताहेत आणि आत गुरुजी श्वास रोखून उभे. इतिहासकार इथे युवराजांच्या मनःस्थितीचं वर्णन करतात. माझ्या मनात प्रश्न येतो तो वेगळाच : नुकत्याच वाजवलेल्या त्या बासऱ्या पुसायला गुरुजींना सवड मिळाली असेल का? अंधाऱ्या कोठडीत, हातात ओली बासरी, बाहेर राजा. मामांना ही गोष्ट सांगितली तर ते गंभीरपणे म्हणाले, "बाहीला पुसली असेल."

पुढे १७४० मध्ये तीर्थरूप वारले, फ्रेडरिक गादीवर आला, आणि १७४१ च्या अखेरीस त्यानं गुरुजींना बर्लिनला नोकरीत घेतलं. या नोकरीच्या अटी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षाला दोन हजार थालर, तहहयात. स्वतः रचलेल्या संगीताचे पैसे वेगळे. बनवून दिलेल्या प्रत्येक बासरीमागे शंभर डुकाट वेगळे. ऑपेराच्या वाद्यवृंदात वाजवायचं नाही, फक्त राजाच्या खासगी बैठकीत. आणि हुकूम ऐकायचा तो एकट्या राजाचा. मधल्या कोणाचा नाही. नोकरदार मंडळींनी हे शेवटचं कलम पुन्हा एकदा वाचावं. मधला कोणीही नाही! त्याच दरबारात त्याच बैठकीत हार्पसिकॉर्डवर साथीला कोण होता, तर थोरल्या बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल, स्वतः मोठा संगीतकार; आणि त्याचा पगार सुरुवातीला तीनशे थालर. म्हणजे वेतनातली विषमता ही काही आपल्या वेतन करारानं शोधून काढलेली नाही.

तर या गुरुजींनी १७५२ साली बर्लिनमध्ये बासरीवादनावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत, एकाच वेळी. नाव बासरीचं, पण आत निम्म्याहून जास्त मजकूर एकूण संगीत कसं वाजवावं, ऐकावं, पारखावं याचा. आज जगभरचे पंडित त्यातल्या अलंकारांवर आणि लयीवर वाद घालतात. मी मात्र पहिल्याच प्रकरणात अडकलो, कारण तिथे चिंधी आहे! गुरुजी साफ सांगतात की वाजवताना बासरीत ओल धरते आणि ती बासरीला बाधते. म्हणून एका काडीला चिंधी बांधून ती वरचेवर पुसून घ्यावी. आणि ओल लाकडात मुरू नये म्हणून मधून मधून तिला बदामाचं तेल लावावं. बस. दोन वाक्यांचा मामला. पण राजाचा गुरू, दोन हजार थालरवाला, स्वतःच्या हातानं चिंधीबद्दल लिहितो, ही गोष्ट मला त्या साऱ्या अलंकारांपेक्षा मोठी वाटते. आमच्याकडे गुरू मंडळी हे सगळं शिष्याला तोंडानं सांगतात, तेही शिष्यानं एकदा चुकल्यावर.

बदामाचं तेल ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा, तीनशे वर्षांपूर्वी लाकडाला बदामाचं तेल. आणि तुम्ही मुलीच्या केसांना खोबरेल आणता तेही मोठ्या बाटलीवर सूट असेल तर." इतिहास वाचून दाखवण्यात हा एक धोका असतो.

बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय कलादालनात आडोल्फ मेंझेल या चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे, १८५० ते १८५२ या काळात रंगवलेलं. सांसूसीच्या महालात फ्रेडरिक राजा उभ्यानं बासरी वाजवतो आहे. डोक्यावर झुंबर, मेणबत्त्यांचा झगमगाट. हार्पसिकॉर्डवर तो तीनशे थालरवाला बाख. मागे घेरदार झगे घातलेल्या बायका. आणि अगदी उजव्या कडेला, भिंतीला टेकून क्वांट्झ गुरुजी. मी त्या चित्राची छापील प्रत भिंग लावून पाहिली. सगळं आहे, काडी-चिंधी नाही. वास्तविक बैठक संपल्यावर ती बासरी कोणीतरी पुसलीच असणार. राजानं स्वतः? हुजऱ्यानं? की गुरुजींनी? मला वाटतं गुरुजींनीच. शंभर डुकाटांचा माल हुजऱ्याच्या हाती कोण देतो? आणि म्हातारपणी दात पडले, राजाची बासरी थांबली. त्यानंतर ती पुसत कोण होतं, हे तर कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

क्लॅरिनेटचा जन्म याच्या थोडा आधीचा. न्यूरेंबर्गच्या योहान ख्रिस्तोफ डेनर नावाच्या कारागिरानं १७०० च्या सुमारास ती घडवली असं मानतात. तेव्हा तिला चाव्या दोन. लाकूड बहुधा बॉक्सवूड, पिवळसर, घट्ट, कातायला सुरेख; पण ओल लागली की वाकणारं. युरोपातल्या संग्रहालयांत त्या काळच्या कित्येक बासऱ्या आणि क्लॅरिनेटी केळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, कारागिराचा हात वाकडा. पण ते पन्नास-शंभर वर्षांचे श्वास आहेत, न पुसलेले किंवा पुरते न पुसलेले.

मग चाव्या वाढल्या. चावी म्हणजे झाकण, आणि झाकण आलं की त्याखाली गादी आली. जुन्या चाव्यांना चामड्याचे चपटे तुकडे असत. ते भोकावर नीट बसत नसत, हवा सुटायची. इव्हान म्यूलर यानं चामड्यात भर घालून फुगीर गाद्या केल्या, भोकांच्या कडा तशा कोरल्या, आणि तेरा चाव्यांची क्लॅरिनेट घेऊन १८१२ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या समितीपुढे उभा राहिला. समितीनं ती नापास केली. कारण ऐका : हे एकच वाद्य सगळ्या पट्ट्यांत वाजतं, मग निरनिराळ्या पट्ट्यांच्या क्लॅरिनेटींचा जो वेगवेगळा स्वभाव आहे तो बुडेल. समिती पॅरिसची असो की आमच्या शाखेतली संगणक-समिती असो, एकाच यंत्रात सगळी कामं होतात हे ऐकून तिला आनंद झाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. वाजवणाऱ्यांनी मात्र समितीला विचारलं नाही. चाव्या आणि गाद्या आल्या त्या आल्याच.

पण गादीबरोबर नवी डोकेदुखी आली. ओल आता नळीत नुसती वाहत नव्हती, ती भोकातून वर चढून गादीत शिरत होती. ओली गादी फुगते, चिकटते, उचलताना चट्‌ असा आवाज करते, आणि ऐन आलापात एखादा स्वर पाण्याखाली बुडून बोलल्यासारखा गुळगुळ करायला लागतो. यावर जगभर एक इलाज चालतो : सिगारेटचा पातळ कागद. तो गादीखाली सरकवायचा, चावी हलकेच दाबायची, कागद ओल शोषून घेतो. मामांनी जन्मात विडी ओढलेली नाही. पण कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे उभं राहून नुसते कागद मागताना त्यांना आळीतल्या निम्म्या लोकांनी पाहिलं आहे, आणि त्यावरून जो समज व्हायचा तो झालेला आहे.

थिओबाल्ड बोएमनं १८३२ आणि १८४७ मध्ये बासरी पार बदलून टाकली. हा म्युनिकचा, घरात सोनारकाम, त्यामुळे धातूची भीती नाही. १८४७ ची त्याची बासरी धातूची. चिरण्याचा प्रश्नच मिटला! लाकूडवाल्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तो निःश्वास धातूच्या नळीत जाऊन त्याचं पुन्हा पाणी झालं. नळी चिरत नाही, पण गाद्या भिजतात त्या भिजतातच. चिंधीची नोकरी शाबूत राहिली. क्लोझे आणि ब्यूफे या दोघांनी बोएमच्या कड्या क्लॅरिनेटला बसवून १८४४ मध्ये पेटंट घेतलं. मामांची क्लॅरिनेट त्याच वंशातली.

ओबोवाल्यांचं दुःख वेगळं. त्यांच्या नळीचं वरचं टोक इतकं अरुंद की चिंधी आत जाते ती परत येईलच याची खात्री नाही. अडकली तर कारागिराकडे धाव. म्हणून जुने ओबोवाले पीस वापरतात, टर्कीचं किंवा तसल्याच एखाद्या मोठ्या पक्ष्याचं. पीसवाले म्हणतात, पीस अडकत नाही. चिंधीवाले म्हणतात, पीस ओल काढत कुठे, नुसती सारखी पसरवतं. हा वाद बराच जुना आहे आणि पुष्कळशा जुन्या वादांप्रमाणे दोन्ही बाजू बरोबर आहेत.

क्लॅरिनेटवाल्यांची तऱ्हा म्हणजे दोरीच्या एका टोकाला छोटं वजन आणि दुसऱ्या टोकाला रेशमी फडकं. वजन नळीत सोडायचं, दुसरीकडून निघालं की ओढायचं. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफील्ड रायफलच्या दस्त्यात हीच वस्तू ठेवलेली असे : दोरी, पितळेचं वजन, तेलाची कुपी. एकाच बराकीत एक शिपाई बंदुकीतून चिंधी ओढतोय आणि शेजारच्या खाटेवर बँडवाला क्लॅरिनेटमधून. दोघांची हत्यारं साफ.

आपल्याकडे सनईवाल्यांना विचारा, ते म्हणतील पत्तीचं बघा आधी. सनईची पत्ती ओली लागते, कोरड्या पत्तीतून सूर निघत नाही. म्हणून सनईच्या गळ्यात दोऱ्याला जादा पत्त्या आणि त्या साफ करायची सुई लोंबत असते. म्हणजे तोंडाशी ओल हवी आणि अंगात नको. आम्हां बँकवाल्यांना हे समजायला जड नाही. काउंटरवर ओल्या स्पंजाची डबी असते. बोट ओलं लागतं, पण नोट ओली झालेली चालत नाही. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी १९४७ च्या स्वातंत्र्याच्या वेळी दिल्लीत सनई वाजवली, २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, हे शाळेतल्या पोराला पाठ असतं. त्या सनईच्या दोऱ्याला लोंबणाऱ्या पत्त्यांवर मात्र परीक्षेत कधी प्रश्न आल्याचं मला आठवत नाही. बांबूच्या बासरीचं त्या मानानं सोपं. तिला जागोजागी दोरा आवळून गुंडाळतात, तो नक्षीसाठी नव्हे, चीर पसरू नये म्हणून. आणि अधून मधून तेलाचं बोट.

इथवर सगळा वाद्याच्या तब्येतीचा विचार झाला. माणसाच्या तब्येतीचा कोणी केला नव्हता, तो उशिरा झाला, आणि दुर्दैवानं झाला. इंग्लंडमधला एक एकसष्ट वर्षांचा गृहस्थ रोज बॅगपाइप वाजवायचा. तीही फुंकवाद्यच, पत्तीची. त्याला बरीच वर्षं धाप आणि खोकला. औषधानं उतार नाही. मध्यंतरी तो तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला, वाद्य घरीच राहिलं, आणि तिथे त्याला एकदम बरं वाटलं. परत आला, वाजवायला लागला, पुन्हा दुखणं. डॉक्टरांना शंका आली. त्यांनी पिशवीतून, नळीतून, पत्तीजवळून नमुने घेतले, तर आत ओलीवर जोपासलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या बुरशा. तो गृहस्थ २०१४ मध्ये वारला. ही हकीकत २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि त्यातला सल्ला क्वांट्झ गुरुजींचाच : वाजवून झालं की वाद्य साफ करा, वाळू द्या.

ही बातमी मी मामांना वाचून दाखवली नसती. पण त्यांनीच कुठेतरी वाचली. तेव्हा त्यांना धाप लागायला सुरुवात झालेली होती. डॉक्टरांकडे गेले ते तपासणीच्या कागदांसोबत क्लॅरिनेटची पेटी घेऊन. टेबलावर पेटी उघडून म्हणाले, "आधी हिचं नाक हुंगून बघा." डॉक्टर समजूतदार. त्यांनी खरंच वाकून वास घेतला. म्हणाले, "आजोबा, हिच्यात काही नाही. तुमचा दमा जुनाच आहे. पण आता फुंकणं पुरे." मामा बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं, पण जिन्यात मला म्हणाले, "ऐकलंस ना? हिच्यात काही नाही म्हणाले." जन्मभराच्या हिशेबावर ‘तपासले, बरोबर आढळले’ असा शिक्का मिळाला होता.

तेव्हापासून मामा वाजवत नाहीत. पण दर रविवारी सकाळी पेटी उघडतात, सगळे तुकडे जुळवतात, नळीतून फडकं ओढतात, पुन्हा सुटे करतात, जोडांच्या खाचांतून बोट फिरवतात, आणि पेटी बंद करतात. मी एकदा विचारलं, "मामा, ओली झालेलीच नाही तर पुसता काय?" ते म्हणाले, "पावसाळा आहे रे." तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

ते फडकं मामींच्या इरकली लुगड्याचं. १९८० च्या आसपास मामांनी ते परस्पर फाडलं. जुनं रेशीम, धुऊन धुऊन मऊ झालेलं, सुताची फुसफुस नाही, धागा सुटत नाही. क्लॅरिनेटला याहून चांगलं काय मिळणार? मामी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या ते, "निदान काठ तरी ठेवायचा होतात." मग काठ त्यांनी स्वतःच कापून शिवून फडक्याला कड घातली. त्यानंतर ‘थुंकून झालं का’ असं विचारणं चालूच राहिलं, पण ते फडकं धुऊन, वेगळं वाळवून, घडी करून पेटीत ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं. मामींना जाऊन आता सात वर्षं झाली.

मध्यंतरी सरकारांनी त्या लाकडाची नाकेबंदी केली. २०१७ पासून डालबर्जियाच्या सगळ्या जातींच्या मालाला परदेशी नेताना परवाना लागू लागला. कपाटं करणाऱ्यांनी शिसवी संपवत आणली होती, आणि त्या आगीत क्लॅरिनेटवालेही होरपळले. वाजवणारे विमानतळावर कागद शोधत बसले. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे नवीन मिळणं कठीणच म्हण की." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या मुलीला बोलावून घेतलं.

ती नववीत. शाळेच्या बँडमध्ये प्लॅस्टिकची क्लॅरिनेट वाजवते, ती कशीही टाकली तरी चालते. मामांनी तिला समोर बसवून दोन तास पाठ दिला. वाजवण्याचा नव्हे. चूळ भरल्याशिवाय वाद्याला तोंड लावायचं नाही. बिस्किट खाऊन तर नाहीच. पत्ती आधी काढायची, पुसायची, सपाट ठेवायची. मग नळी. मग जोडांची टोकं, कारण तिथे लाकडाचं तोंड उघडं असतं आणि ते सगळ्यात जास्त पितं. माउथपीस कोमट पाण्यात, गरम पाण्यात कधीच नाही. एबोनाइट असतं, रबर आणि गंधकाचं, त्याचा रंग उडतो, आकार बिघडतो. फडकं ओलं असेल तर पेटीत ठेवायचं नाही, नाहीतर पुसलेली ओल तू पुन्हा तिच्याच शेजारी निजवलीस. मुलगी सगळं वहीत लिहून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, "मामाआजोबा, आणि वाजवायची कधी?"

"वाजव की," मामा म्हणाले. "वाजवल्याशिवाय पुसणार काय?"

पेटी आमच्या घरी आली. फडकं आलं नाही. आत एक नवं कोरं होतं, मुलीनंच ऑनलाइन मागवून मामांना पसंतीला दाखवलेलं, निळं, वजनाला रबराची टोपी असलेलं. मामांनी त्याचा रंग जातो का ते रात्रभर भिजवून पाहिलं होतं. परवा त्यांच्याकडे गेलो तर गॅलरीतल्या दोरीवर, पंचाच्या शेजारी, दोन चिमटे लावून इरकली वाळत होतं. मामा म्हणाले, "जाताना हात लावू नकोस. ओलं आहे अजून."